ऐकायचं वल्हं

बायजा नवऱ्यावर ओरडायला लागली तेव्हा वाशीगावात लोकांना वाटलं, जानूनं काहीतरी भानगड केली.

शेजारची गंगू तर सुपात तांदूळ घेऊन दारातच येऊन बसली. "काय गो बायजे, कुनाच्या घरात घुसला का काय तुझा दादला?"

"घुसला आसता तर बरा झाला आसता," बायजा म्हणाली. "मना तरी शांती भेटली आसती."

गंगू हसली, तांदूळ पाखडले, आणि गेली. बायजाला तेच पाहिजे होतं.

खरी गोष्ट अशी, की जानूला ऐकू येत नव्हतं. म्हणजे ठार बहिरा नाही, पण हळू बोललेलं पोचायचं नाही. आणि नुसतं मोठ्यानं बोलावं तर लोक विचारणार, एवढ्या मोठ्यानं का गो? म्हणून बायजानं युक्ती काढली. प्रत्येक वाक्याला एक शिवी जोडायची. "जेवायला चला" असं सांगायचं असलं की ती ओरडायची, "मेल्या, भात थंड होतोय, का मढ्यावर घालू?" इतकी वर्षं नवऱ्याला अहो-जाहो करणारी बाई ‘मेल्या’वर आली. पण भांडण म्हटलं की मोठ्या आवाजाचं कारण कोणी विचारत नाही. नवराबायकोत हे ठरलं होतं, आणि जानू शिव्या खाऊन घ्यायचा.

लपवायचं कारण काय, तर त्याचं पोट कानावर होतं.

खाडीत घोळ नावाचा मासा असतो. चांगला माणसाच्या मांडीएवढा. त्याच्या पोटात फुगा असतो, त्याला बोत म्हणतात, आणि मासा एका पारड्यात नि बोत एका पारड्यात ठेवलं तर व्यापारी आधी बोताकडे बघतो. त्या फुग्याच्या जोरावर घोळ पाण्याखाली गुरगुरते. झुंड असली की सगळ्याच गुरगुरतात. पाण्याच्या वर काही कळत नाही. पण वल्ह्याचं पातं पाण्यात बुडवून दुसरं टोक कानाला लावलं, तर लाकडातून आवाज चढतो. ज्याला त्यातलं कळतं तो सांगतो, झुंड कुठे आहे, केवढी आहे, येतेय की जातेय. मग जाळं टाकायचं.

तुळशीरामच्या होडीवर हे काम जानूचं. त्याच्या आधी त्याच्या बापाचं. वल्हंही बापानं घडवलेलं, सागवानी, आणि त्या वल्ह्यानं होडी कधी वल्हवली नव्हती. ते फक्त ऐकायचं. कानाला लागून लागून त्याचं टोक गुळगुळीत झालेलं, केळीच्या सालीसारखं. ऐकणाऱ्यानं होडी वल्हवायची नसते, असा नियम. धाप लागली की कानात आपलीच छाती वाजते, घोळ कुठची ऐकू येणार? म्हणून जानू होडीच्या पुढच्या टोकाला मांडी घालून बसायचा. मधे वल्ह्यावर हिरामण आणि बायजाचा भाऊ जयदेव. मागे सुकाणावर तुळशीराम. तुळशीराम तांडेल, म्हणजे होडीचा मालक आणि शब्द त्याचा. त्याच्या तोंडात कायम सुपारी. भरती पुरी होऊन पाणी जरा उभं राहिलं, की तुळशीराम हात वर करायचा, वल्ही थांबायची, कोणी खोकायचंसुद्धा नाही. आणि सगळे, वल्ह्यावरचे मान वळवून, जानूच्या पाठीकडे बघायचे.

माणसाकडे असं रोज कोणी बघत असलं, की त्याला त्याची सवय होते. जानूला झाली होती.

कान गेला कसा? तर पावसाळ्यात होड्या वर ओढून ठेवल्या की गावातले काही जण खाडीपलीकडे मजुरीला जायचे. पलीकडे सांताक्रूझला विमानतळाची धावपट्टी मोठी करायचं चाललं होतं आणि त्या कामाला खडी पुरवणारी एक खाण होती. जानू दोन पावसाळे त्या खाणीवर गेला. सुरुंग उडवायच्या आधी मुकादम शिट्टी मारायचा आणि बाकीचे कानात चिंध्या कोंबायचे. जानू नाही कोंबायचा.

"कोंब रं बाबा," हिरामण म्हणायचा. तोही होता तिथं.

"घोळीचा कान हाय ह्यो. कोंबायला काय फुटका मडका हाय?"

ताठ बसायचा, उघड्या कानानं. सुरुंग उडायचा, दगड उडायचे, आणि जानू हिरामणकडे बघून भुवई उडवायचा. बघ, काय झालं का? दुसऱ्या पावसाळ्यानंतर त्याच्या डोक्यात शीळ वाजायला लागली. ती थांबली तेव्हा बाकीचंही बरंच थांबलं होतं.

आणि त्याच सुमाराला जेट विमानं आली.

आधी पंख्यांची विमानं यायची. त्यांचा आवाज पिठाच्या गिरणीसारखा, लोक वर बघायचे आणि कामाला लागायचे. साठ सालानंतर ही दुसरी यायला लागली. महाप्याच्या डोंगरावरून खाली उतरत, कोपरखैरण्याच्या अंगानं खाडी ओलांडायची. आवाज आधी यायचा, मग विमान, मग परत आवाज. पाळण्यातली पोरं दचकून उठायची. कोंबड्या खुराड्यात शिरायच्या त्या लवकर बाहेर यायच्या नाहीत. लग्नात धवले गाणारी म्हातारी सरस्वती मधेच गप बसायची, विमान गेलं की कुठे होतो ते विसरायची, आणि परत पहिल्यापासून सुरू करायची. एका लग्नात हळद उतरेपर्यंत दुपार कलंडली. करावे गावातून आलेल्या पाहुण्यांनी नाक मुरडलं, "तुमच्या गावाला देवानं लई वरनं भोंगा दिलाय."

सगळं गावच मोठ्यानं बोलायला लागलं. त्यात बायजाचा आवाज थोडा झाकला गेला.

आणि जानूला विमान सापडलं.

संध्याकाळी पाणी उभं राहायचं, तुळशीराम हात वर करायचा, जानू वल्हं कानाला लावायचा. काही ऐकू यायचं नाही. तो डोळे मिटल्यासारखे बारीक करून बसायचा. मग कुठून तरी विमान यायचंच. जानू पटकन वल्हं बाहेर काढायचा. "गेल्या. इमानानं भेडरावल्या. आता कुठं गावतात."

तुळशीराम आकाशाकडे बघून अशा शिव्या द्यायचा की त्या खाली पडल्या असत्या तर विमान पडलं असतं.

हे अगदी खोटंही नव्हतं. विमानाच्या आवाजात कुणालाच वल्ह्यातून काही ऐकू आलं नसतं. घोळी खरंच गप होत असतील. जानूच्या कानात दोष होता आणि विमानाचाही दोष होता, फक्त जानू आपला दोष विमानाच्या खात्यावर टाकत होता. मधून मधून तो पाण्याचा रंग बघून, वर कुरव पक्षी कुठं फिरतात ते बघून बोट दाखवायचा. कधी लागायचं. लागलं की जानूचा कान. नाही लागलं की इमान.

त्यातही एक गंमत होती. विमान येतंय हे जानूच सगळ्यांच्या आधी सांगायचा. हिरामण लोकांना सांगत फिरायचा, "आमच्या जानूचा कान बघा. इमान घाटावर आसतंय तवाच त्याला कलतं."

जानू ऐकत नव्हता. जानू बघत होता. वारा कानात भरतो असं सांगून तो आता मागे तोंड करून बसायचा. तुळशीराम त्याच्या समोर, मागच्या टोकाला, दिवसभर सुपारी चघळत बसलेला. विमानाची बारीक घरघर कानावर आली की तुळशीरामचा जबडा थांबायचा. मग तो मान वर करायचा. जबडा थांबणं आणि मान वर होणं, याच्यामधे जेवढा वेळ, तेवढ्यात जानू हात वर करून म्हणायचा, "इमान आयलं. थांबा."

तुळशीरामला स्वतःच्या जबड्याबद्दल काही माहीत नव्हतं. कोणाला असतं?

असं एक वर्ष गेलं, दुसरं गेलं. बायजाला हे पटत नव्हतं. एकदा दुपारी ती बोंबील टांगत होती, जानू बोंबील सुकवायच्या वलांडीच्या खांबाला टेकून बसला होता. आजूबाजूला कोणी नव्हतं, म्हणून तिनं शिवी न घालता त्याच्या तोंडासमोर तोंड नेऊन सांगितलं, "तुलशीदादाला सांगून टाका आता."

"सांगून काय करू? काठावर बसून जाली शिवू?"

"शिवलीत तर काय हात झडतील?"

"तू बघितलंस ना जाली शिवनारे म्हातारे? होडी आली की उठून उभे रातात. विचारतात, काय गावला? कोन उत्तर देतो त्यांना?" जानूनं खाली पडलेला एक बोंबील तिच्या हातात दिला. "माझा बाप मरेपरेंत होडीत बसला. मना होडीतनं उतरवू नको."

बायजानं उरलेले बोंबील टांगले. उतरवणारी ती कोण?

मग दिवाळीनंतर हिरामण पलीकडून बातमी घेऊन आला. धावपट्टी अजून लांब करायची आहे, या बाजूचं टोक खणून टाकलंय. जेटं आता काही महिने दुसऱ्या पट्टीवर, दर्याच्या अंगानं उतरणार. खाडीवर एक पण येणार नाही.

गाव खूश झालं. सरस्वती म्हातारी म्हणाली, आता जेवढी लग्नं उरकायची तेवढी उरका. तुळशीरामनं एकवीराआईला नारळ बोलला. संध्याकाळी तो मुद्दाम जानूच्या घरी आला, ओट्यावर बसला, आणि मोठ्या खुशीत म्हणाला, "जानू, आता तुझा कान मोकला झाला. आता बघू घोळी कुठं जातात."

जानूनं त्याचे ओठ बघितले आणि मान हलवली.

आत बायजाच्या हातातून भाताची तवली पडली. ती मोठ्यानं वाजली असणार, कारण तुळशीरामनं वळून बघितलं. जानूनं नाही बघितलं. तुळशीरामला वाटलं, नवराबायकोचं अजून बिनसलेलंच आहे.

पहिल्या संध्याकाळी खाडी इतकी शांत होती की काठावरच्या कोल्ह्याची ओरड होडीत ऐकू येत होती, असं जयदेव नंतर सांगायचा. तुळशीरामनं हात वर केला. जानूनं वल्हं लावलं. बराच वेळ बसला. मग म्हणाला, "पानी अजून हलतंय." दुसऱ्या दिवशी वारा होता. म्हणजे जानू म्हणाला वारा होता, हिरामणनं बोट ओलं करून वर धरलं आणि परत पुसून टाकलं. तिसऱ्या दिवशी जानूनं कुरव बघून बोट दाखवलं, जाळं पडलं, आणि जाळ्यात चार शिंगाळी मासे आणि एक फुटका घडा आला.

"घोळीचा कान आन घडा गावला," जयदेव म्हणाला. सगळे हसले. जानूही हसला, पण थोडा उशिरा.

त्याच्या पुढच्या संध्याकाळची गोष्ट. पाणी उभं राहिलं. हात वर झाला. जानूनं गुळगुळीत टोक कानाला लावलं आणि सवयीप्रमाणे डोळे तुळशीरामच्या तोंडावर ठेवले. तुळशीराम चघळत होता. चघळत होता. आणि अचानक जबडा थांबला. डोळे बारीक झाले. मान वर झाली.

जानूचा हात आपोआप वर गेला. तोंडही आपोआप चाललं.

"इमान आयलं. थांबा."

जयदेवनं वर बघितलं. हिरामणनं वर बघितलं. आकाशात एक बगळासुद्धा नव्हता.

"कुठं?" जयदेव म्हणाला.

तुळशीरामनं दाढेखालून सुपारीचा टणक खडा काढला, बोटावर घेऊन बघितला. दाढ ठणकत होती म्हणून त्यानं मान वर केली होती. तो आधी खड्याकडे बघत होता, मग जानूकडे. हळू आवाजात म्हणाला, "जानू, मी सुपारी चावतंय रं."

"काय?" जानू म्हणाला.

"सुपारी."

"आं?"

तुळशीराम तांडेल, ज्यानं त्या वेळी कधी कोणाला खोकू दिलं नव्हतं, तो उभा राहिला आणि पोटातून ओरडला, "मी सुपारी चावतंय!"

होत्या नव्हत्या त्या सगळ्या घोळी ट्रॉम्ब्याला पोचल्या असतील.

होडी आपल्या आपण थोडी वळली. जयदेवला पहिल्यांदा हसू आलं होतं, ते त्यानं गिळलं. तो पुढे सरकला, जानूसमोर उकिडवा बसला, आणि ओठ नीट हलवत विचारलं, "भावजी, कदीपासनं?"

"खानीपासनं."

हिरामणनं कपाळावर हात मारला. "सांगत व्हतो, कोंब म्हनून."

तुळशीराम परत बसला. मनात मागची दोन वर्षं उलटी चालवत होता. "मंग शिमग्याच्या टायमाला ती मोठी झुंड दावलीस ती?"

हे जयदेवनं परत सांगितल्यावर जानू म्हणाला, "रंग बघून. वर कुरव व्हते."

"म्हंजे इमानाला मी उगाच आयमाय काढत व्हतो."

"उगाच कशाला," हिरामण म्हणाला. "त्याला पन लागू व्हतीच."

तुळशीरामनं खडा पाण्यात टाकला. "वल्हं जयदेवकडं दे."

जानूनं वल्हं दिलं. लगेच दिलं, हे पण सांगायला पाहिजे. दोघांनी जागा बदलल्या, आणि जानू वीस वर्षांत पहिल्यांदा होडीच्या मधे बसला. तिथून पुढचं टोक कसं दिसतं ते त्याला माहीत नव्हतं. जयदेवची पाठ दिसत होती. सगळे त्या पाठीकडे बघत होते, आणि आता जानूही.

पाणी पलटायला अजून थोडा वेळ होता. त्यांनी होडी जरा वर, कोपरखैरण्याच्या बाजूला नेली. जयदेवनं वल्हं बुडवून कान लावला. बऱ्याच वेळानं म्हणाला, "काय तरी हाय."

"घोळ?" तुळशीरामनं विचारलं.

"मना काय म्हाईत? मी कदी ऐकलीय? गुरगुरतंय."

"कसा गुरगुरतंय?"

जयदेवनं घशातून आवाज काढून दाखवला. तुळशीराम आणि हिरामणनं एकमेकांकडे बघितलं. होडीत घोळ ऐकलेला माणूस एकच होता, आणि त्याला जयदेवचा घसाही ऐकू येत नव्हता.

जानू उठला. पुढे गेला आणि जयदेवच्या गळ्यावर तळहात ठेवला. "परत कर."

जयदेवनं केला.

"आसंच हाय? का मधी तुटतंय?"

जयदेवनं परत कान लावला, परत आवाज काढला. तुटक, भरभर. जानूनं हात काढला. "ढोमी हायत. बारकी. पुढं चला."

पुढे गेले. अंधार पडायच्या आधी जयदेवनं आणखी एकदा आवाज काढला. या वेळी तो लांब होता, जड होता, आणि जयदेवला त्यासाठी पुरा श्वास घ्यावा लागला. जानूचा हात गळ्यावर बराच वेळ राहिला.

"टाका," जानू म्हणाला.

त्या दिवशी घोळी मिळाल्या. होडी भरली वगैरे नाही, पण मिळाल्या.

घरी जाऊन जानूनं बायजाला सांगितलं, "कललं सगल्यांना." ती म्हणाली, "बरं झालं." आणि मग सवयीनं ओरडली, "मेल्या, आता तरी जेव!" शिव्यांची गरज संपली होती. पण लागलेली सवय, ती काही गेली नाही. गंगूनं तेव्हापासून विचारणं सोडलं.

जयदेव लवकर शिकला. थोड्याच दिवसांत त्याला जानूचा हात गळ्यावर नको झाला. तो आधीच सांगायचा, "ढोमी," "घोळ," "काय नाय." जयदेव तरुण, त्याला धाप लागत नव्हती, म्हणून ऐकून झालं की आपलं वल्हं परत तोच मारायचा. जानू मधे बसलेला असायचा, काम नसलेला, गुडघ्यांवर हात ठेवून. तुळशीराम त्याला उतर म्हणाला नाही. पण असं किती दिवस चालणार, ते होडीतल्या सगळ्यांना माहीत होतं. चार माणसांच्या होडीत एक माणूस नुसता बसून राहत नाही.

पावसाळ्याच्या आधी धावपट्टी तयार झाली. लांब केली होती, म्हणून आता आणखी मोठी विमानं येणार होती, आणि ती आली. एका संध्याकाळी जयदेव कान लावून बसला होता. त्यानं हात वर केला. "इमान आयलं. थांबा."

तुळशीरामनं आधी स्वतः वर बघितलं. विमान दिसल्यावर मग मान हलवली. एकदा फसलेला माणूस होता तो.

त्या दिवशी मिळालं नाही. दुसऱ्या दिवशी नाही. जयदेवचा कान पंचविशीतला, कोरा, तरी विमान गेल्यावर खाडी बराच वेळ काही बोलायची नाही, आणि बोलायला लागेपर्यंत दुसरं विमान यायचं. जयदेव वैतागून म्हणाला, "भावजी खोटं बोलत व्हते ते बरं व्हतं. मी खरं बोलून पन तेच सांगतंय."

पावसाळा संपला तेव्हा तुळशीरामनं घोळीचा नाद सोडला. खाडीत खांब रोवले आणि त्यांना डोल बांधली. डोल म्हणजे पिशवीसारखं जाळं. पाणी येतं, मासा आपणहून शिरतो. त्याला कोणी ऐकावं लागत नाही. विमान जावो नाहीतर ढग गडगडो. बोतवाल्या व्यापाऱ्यानं वाशीला यायचं बंद केलं.

त्याच दिवसांत हिरामण बेलापूर रोडला नव्या निघालेल्या एका कारखान्यात लागला. वल्ह्याची एक जागा रिकामी झाली. जानू काठावर उभा होता, जाळी शिवणाऱ्या म्हाताऱ्यांच्या थोडा बाजूला. पावसाळ्यानंतर त्याला होडीवर कोणी बोलावलं नव्हतं, पण तो अजून त्यांच्यात बसला नव्हता. तुळशीरामनं होडीतून हाताची खूण केली, रिकाम्या फळीवर थाप मारली, आणि वल्हवायची नक्कल करून दाखवली. मग स्वतःच्या कानाला बोट लावून ते हलवलं. याला कान लागत नाही.

जानू चिखलातून चालत गेला आणि चढला. हिरामणचं वल्हं हिरामणनं जाताना भावाला दिलं होतं. जयदेवच्या वल्ह्याशिवाय होडीत एकच वल्हं उरलं होतं, फळीखाली आडवं ठेवलेलं, टोकाला गुळगुळीत. जानूनं ते ओढून काढलं. एकदा हातात फिरवलं. मग दोरीच्या कडीत अडकवलं आणि पाण्यात घातलं.

जड होतं. त्याचा हात बसेपर्यंत होडी वाकडी गेली, आणि जयदेव ओरडला, "भावजी, वाशीला जायचं नाय, वाशीतनं जायचंय!" जानूला ते कळलं नाही, पण जयदेव हसत होता, म्हणून तोही हसला.

वल्हवणारा मागे तोंड करून बसतो. त्यामुळे आता जानूच्या अगदी समोर तुळशीराम होता, हाताच्या अंतरावर, सुपारी चघळत. खाडीच्या मधे आल्यावर तुळशीरामचा जबडा थांबला.

जानूनं बघितलं, आणि वल्हं मारत राहिला.